चार जाड तारा आणि तुमची पाठ

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (यातली दोन-तीन अंगं गुडघ्यांच्या सल्ल्यावरून वगळली आहेत. उरलेल्या अंगांचा गोड मानून घ्यावा.)

आधी घरातल्या सगळ्यांची विचारपूस करून घेतो, म्हणजे पुढे मी वाहवत गेलो तरी ती राहून गेली असं व्हायचं नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे? गेल्या पत्रात तुम्ही "गुडघा बरा आहे" एवढंच लिहिलंत, कोणता ते लिहिलं नाहीत. दोन्ही असतील तर आनंदच आहे. चिरंजीवांचं पित्त? सूनबाईंचा घसा? (शाळेत शिकवणाऱ्या माणसाने घरी आल्यावर जरा गप्प बसावं, हे मी तिला सांगणार नाही, तुम्ही सांगा.) नातीचा तो हलणारा दात, ज्याला ती कोणाला हात लावू देत नव्हती, तो पडला की अजून लोंबतोय? मांजराचा कान? आणि मुख्य म्हणजे तुमची पाठ. पाठ कशी आहे, दादा? डॉक्टरांच्या सांगण्यावरून गादीखाली बाबांची ती नकाशे काढायची मोठी फळी घालून तुम्ही झोपायला लागलात, ते अजून चालू आहे का? की आता तितकीशी गरज उरली नाही? फळी कोरडी आहे ना? वाकलीबिकली नाही ना कुठे? भेग? वाळवी? (हे आपलं सहज. माणसाची विचारपूस करताना तो ज्यावर झोपतो त्याचीही करावी, असं मला अलीकडे वाटायला लागलंय.)

इकडे आम्ही ठीक. मी तर फारच ठीक, कारण मला काम मिळालंय. तुम्हाला ठाऊकच आहे, सगळे दुकानदार आकड्यांच्या काट्यांकडे वळले आणि माझं तराजू दुरुस्तीचं दुकान बसलं. तेव्हापासून पितळी वजनांची पेटी, सपाटी बघायची पाणसळ आणि मी, असे तिघं घरात एका कोपऱ्यात बसून होतो. मधूनमधून मी स्वयंपाकघरातला काटा तपासायचो. पण तो इतक्या वेळा बरोबर निघाला की तुमची बहीण म्हणाली, "सोडा आता त्याला. तो तरी किती वेळा खरं बोलणार?"

तुमची बहीणही ठीक आहे. फक्त डावा खांदा दुखतोय. तो का दुखतोय हे सांगायचं तर मला जरा मागे जावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

इस्पितळाच्या टेलिफोनवर हिने जन्म काढला. कोणाला बाळ झालं, कोणाला घरी सोडलं, कोणाचा कोण कुठल्या मजल्यावर आहे, सगळ्यांना सगळ्यांशी जोडून द्यायची. निवृत्त झाली आणि घरातला फोन वाजला तरी उठेनाशी झाली. मी म्हणायचो, "अगं, वाजतोय." ती म्हणायची, "वाजू दे, उचलेल कोणीतरी." घरात आम्ही दोघंच. हळूहळू बोलणंही कमी झालं. खिडकीपाशी बसून राहायची. तेव्हा तुम्हाला काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं, आणि काही घडत नाही हे कसं लिहायचं ते मला जमत नाही.

आमच्या इमारतीत एक वाद्यवृंद आहे. वाद्यवृंद म्हणजे दंतवैद्य बाई ड्रम वाजवतात (दिवसभर लोकांना "अजिबात दुखणार नाही" असं सांगून झाल्यावर माणसाला काहीतरी बडवावंसं वाटणारच), चष्म्याच्या दुकानाचा मालक गिटार वाजवतो आणि निवृत्त पोस्टमास्तरीणबाई गातात. यांच्यात बास गिटार वाजवणारे एक गृहस्थ होते. ते लांब मुलीकडे राहायला गेले आणि जाताना वाद्य आणि त्याची आवाज मोठा करायची पेटी (तिला अॅम्प म्हणतात) दोन्ही इथेच टाकून गेले. त्यांच्या जागी कोणी येईना. साध्या गिटारला सहा तारा, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. बासला चारच, त्याही वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी असते तेवढ्या जाड, आणि टाळ्या वाजतात तेव्हा बासवाला बिचारा मागे वायर गुंडाळत असतो. अशात तुमची बहीण दंतवैद्य बाईंकडे दाढ दाखवायला गेली. बाईंनी खुर्चीतच तिला विचारलं, बास वाजवाल का. तोंड उघडं असल्यामुळे हिला नाही म्हणता आलं नाही.

वाद्य घरी आलं. मी म्हटलं, येईल तसं परत जाईल. पण पहिल्याच दिवशी तिने सगळ्यात जाड तार नुसती एकदा छेडली आणि हात तसाच ठेवून आवाज संपेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा विचार करताना फळीवर बोटं वाजवायचे ना, तसं वाटतं." आणि मग, दादा, ती बोलतच सुटली. बाबा नकाशा काढत असताना पलीकडच्या टोकाला कागद धरून ती कशी बसायची, शिंक आली तर कशी दाबायची, तुम्ही कसे कधीच कागद धरायला सापडायचा नाहीत, सगळं. त्या संध्याकाळी फोन वाजला तर तो तिने उचलला. चुकीचा नंबर होता. त्यालाही तिने धरून ठेवलं.

या वाद्याचं काम काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. तराजूला खाली बिडाचा जड पाया असतो बघा, ज्याच्याकडे कुठलंच गिऱ्हाईक बघत नाही. सगळ्यांची नजर काट्यावर आणि पारड्यांवर. पण तो पाया हलला तर वरचं सगळंच खोटं. तसं हे बास. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी बिडाची?" तुलना करताना समोर कोण आहे हे बघायला हवं, हे मी या वयात शिकलो.

ती शिकली मात्र पटापट. टेलिफोनवर बसलेलं माणूस, दुसऱ्याचं बोलणं कधी संपतंय याकडे कान लावून बसायची सवय, तीच इथे कामाला आली. अडचण एकच झाली, अॅम्पची. ती पेटी मी दिवाणखान्यात जमिनीवर ठेवली. जाड आवाज भिंती-जमिनीतून जातो, हे मला कुठे ठाऊक? घरातल्या एकेका वस्तूने एकेक स्वर आपला म्हणून निवडला. एका स्वराला चमच्यांचा खण बोलायचा, एकाला किटलीचं झाकण, एकाला माझा चष्मा. आणि जाड तारेवर, पट्ट्यांनी आखलेल्या तिसऱ्या घरात बोट ठेवून वाजवलं की भिंतीवरचा तुमचा फोटो मान डोलावतो. (तोच, वहिनींनी पाठवलेला, शाल घेतलेला.) चांगला दोन-तीनदा, वर-खाली. तुम्ही समोर असताना एवढ्या पटकन कशाला होकार दिल्याचं मला आठवत नाही. तुमची बहीण काही ठरवायचं असलं की आता तुम्हाला विचारून तो स्वर वाजवते. नवे पडदे तुमच्या संमतीनेच घेतले आहेत.

खालच्या मजल्यावर शिवणबाई राहतात. त्या वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो, माझ्या टाचण्या टेबलावर चालतायत." मी खाली जाऊन बघितलं. खरोखरच चालत होत्या, एका रांगेत, शिस्तीत. मग मी अॅम्पखाली जुन्या उशीचा फोम आणि त्यावर रबराचे तुकडे घातले, तेव्हा टाचण्या थांबल्या.

आता खांद्याकडे येतो.

बास गिटारची रचना अशी असते, दादा, की एका बाजूला लाकडाचं धड, त्यातून निघालेली हातभर लांब मान, आणि मानेच्या टोकाला तारा पिळायच्या चार लठ्ठ लोखंडी किल्ल्या. पट्टा खांद्यावर टाकून वाद्य गळ्यात अडकवायचं. पण हात सोडला की मान धाडकन खाली. म्हणजे वाजवणाऱ्याने डाव्या हाताने स्वरही दाबायचे आणि मानही उचलून धरायची. आणि धड हलकं आहे म्हणावं तर तेही नाही. ते अशा लाकडाचं आहे की त्याचा उंबरठा केला असता तर चार पिढ्या त्याच्यावर ठेचकाळल्या असत्या. सगळा भार डाव्या खांद्यावर. मी म्हटलं, खुर्चीत बसून वाजव. तर म्हणाली, "जन्मभर बसूनच काम केलं. हे मी उभं राहून वाजवणार." व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी खांदा इकडून तिकडून फिरवला आणि स्वच्छ सांगितलं, हे वाद्य हलकं तरी करा नाहीतर सोडा. आणि वाचनालयाच्या सभागृहात यांचा पहिलाच जाहीर कार्यक्रम ठरलेला.

मला राहवेना. एक बाजू खाली जातेय हे उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि स्वस्थ बसायचं, हे माझ्या हातांना जमण्यासारखं नाही. ती बाजारात गेली होती. मी वाद्य उताणं केलं, धडाला मागून गोल भोकं पाडली आणि पितळी वजनं एकेक करून आत बसवत गेलो. दाराच्या चौकटीला सुतळीने वाद्य टांगलं, मानेवर पाणसळ ठेवली. थोडं इकडे, थोडं तिकडे, शेवटी एक अगदी पिटुकलं वजन, आणि बुडबुडा बरोब्बर मध्ये येऊन थांबला. दादा, मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि नुसता बघत राहिलो. फुंकर मारली तरी परत जागेवर यायचं. दुकान बंद झाल्यापासून एवढं सुंदर काही माझ्या हातून झालं नव्हतं.

ती आली. मी पट्टा तिच्या खांद्यावर चढवला आणि सुतळी कापली.

पिशवीतले बटाटे अजून हातात होते, ते खाली गेले. ती हळूहळू वाकत वाकत दिवाणावर टेकली. जरा वेळाने म्हणाली, "आता मान खाली जात नाही. आता मीच जाते."

हसलो आम्ही, बराच वेळ हसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाद्य पिशवीत घातलं, चेन ओढली आणि पलंगाखाली सरकवलं. म्हणाली, दंतवैद्य बाईंना सांगते, दुसरं कोणी बघा. आणि खिडकीपाशी जाऊन बसली. मी वजनं काढून टाकली, पण भोकं कुठे काढून टाकणार? मागून ते धड चाळणीसारखं दिसायला लागलं. धडाचं लाकूड कमी झाल्यामुळे मान पूर्वीपेक्षा जोरात खाली जायला लागली, ते वेगळंच. आणि ते पिटुकलं वजन आतल्या वायरींच्या खोबणीत कुठेतरी घरंगळलंय, ते अजून सापडलेलं नाही. वाद्य हलवलं की आत खुळखुळतं.

आठवडाभराने शिवणबाई पुन्हा वर आल्या. मला वाटलं, आता कसली तक्रार? तर म्हणाल्या, "बंद का केलंत? माझा मशीनवरचा पाय चुकतोय." फोम घातल्यावरही त्यांना थोडंथोडं ऐकू येत होतं आणि त्या तालावर त्या शिवत होत्या. तुमची बहीण खिडकीतून वळून म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत होतं?" शिवणबाई म्हणाल्या, "ऐकू असं नाही. पण आता नाही, ते कळतंय." त्या गेल्यावर ही बराच वेळ पलंगाच्या दिशेने बघत होती. खाली वाकून काढलं मात्र नाही.

तेव्हा मी तिला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराला हीऽऽ एवढी वेणी आहे, म्हणून मी त्याला मनातल्या मनात वेणीवाला म्हणतो. माणूस चांगला. त्याने हिला एकामागून एक हलके बास गळ्यात घालून दाखवले. एकाला तर डोकंच नव्हतं. किल्ल्या खाली धडाच्या बुडाशी बसवलेल्या, त्यामुळे मान जिथल्या तिथे. मी खूश झालो. ही मात्र प्रत्येकाच्या मानेवरून हात फिरवायची आणि परत द्यायची. शेवटी म्हणाली, "हलके आहेत, छान आहेत. पण ही मान माझी नाही. माझ्या बोटांना घरातली ती ओळखते." चप्पल आणि वाद्य एकदा पायात बसलं की बसलं. (वाक्य जरा घसरलं, पण अर्थ तुम्हाला कळला असेल.)

ती मानांवरून हात फिरवत होती तेवढ्यात वेणीवाल्याने मला पेडलं दाखवली. पेडल म्हणजे पायाने दाबायचा छोटासा डबा. वाद्याची वायर त्यातून न्यायची आणि मग अॅम्पला जोडायची, की आवाजाचं काहीतरी होतं. एक पेडल आवाज मुद्दाम फाटका करतं. आमच्या जुन्या रेडिओत हे फुकट होतं आणि ते काढून टाकायला मी किती दुकानं पालथी घातली होती. दुसरं, तुम्ही वाजवाल त्याच्या खालचा एक स्वर आपणहून वाजवतं, म्हणजे न सांगता हो ला हो करणारा भाचाच. तिसऱ्याचं नाव कॉम्प्रेसर. हलकं वाजवलं तर ते उचलून वर आणतं, जोरात वाजवलं तर दाबून खाली बसवतं, म्हणजे सगळं सारखंच ऐकू येतं. मी वेणीवाल्याला म्हटलं, "माझ्या धंद्यात हे केलं असतं तर परवाना गेला असता." तो म्हणाला, "काका, इथे लोक हौसेने घेतात."

आणि मग त्याने ट्यूनर दाखवला. दादा, काय सांगू. डब्यावर एक काटा. तार छेडली की काटा डावीकडे जातो किंवा उजवीकडे, आणि तार पिळत पिळत बरोबर सुराला आली की काटा मध्ये येऊन हिरवा होतो. ते एकच पेडल मी घेतलं. घरी आल्यावर तुमची बहीण म्हणाली, वाद्य पलंगाखाली आणि हे कशाला? मी म्हटलं, असू दे. काट्याशिवाय घर मला जरा ओकंबोकं वाटतं.

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मी कोपऱ्यात बसून नवा हिशेब मांडत होतो, मानेच्या टोकाला फुगा बांधला तर किती उचलेल वगैरे. ही टेबल पुसत होती. पुसता पुसता, वर न बघता, म्हणाली, "वजनं कशाला घालायची पण? पट्टा जिथे अडकतो ती खुंटीच मानेच्या बाजूला सरकवली तर?"

मी हिशेबाचा कागद उलटा घातला. टेकू सरकवायचा, दादा. पारडं खाली जात असेल तर टेकू कुठे आहे ते आधी बघायचं, हे मी दुकानात पाऊल टाकलं त्या दिवशी शिकलो होतो. आणि इतकी भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी वेणीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, बरोबर आहे काकूंचं. धडाचं वरचं शिंग (धडाला मानेच्या दोन्ही अंगांनी शिंगं असतात) चांगलं लांब काढा, खुंटी त्याच्या टोकाला येऊ द्या, किल्ल्या हलक्या बसवा. मान तीच ठेवा, ती चार स्क्रूंवर तर आहे. धड तेवढं नवीन करा.

मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि धड कापलं. लांब शिंगाचं, पोटाशी खोलगट, म्हणजे बरगडीला टोचायला नको. मान त्याला बांधली आणि हिच्या गळ्यात घातलं. ती ते घालून घरभर फिरली. घालूनच फोडणी दिली, घालूनच फोन घेतला, घालूनच विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला दार उघडलं. त्याने मीटर बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि आकडा पुन्हा एकदा वाचून खात्री करून घेतली. संध्याकाळपर्यंत मी शिंग तीनदा बदललं. चौथ्यांदा तिने दोन्ही हात सोडले, बाजूला पसरले, आणि मान होती तिथेच राहिली. काहीच खाली गेलं नाही, ना मान, ना ती. खांद्याला हात लावून म्हणाली, "इथे काही नाही." दंतवैद्य बाईंना अजून काही कळवलेलं नव्हतं, तेही तिने तेव्हाच सांगितलं. पिशवीची चेन ओढली होती, पण पत्ता कापला नव्हता.

आता पुठ्ठ्याचं वाद्य वाजत नाही, एवढीच काय ती अडचण. धडाला लाकूड पाहिजे. जुन्या कपाटाचं दार कापून बघितलं, तो भुसा निघाला, ओल्या बिस्किटासारखा हातात आला. वखारीतलं नवीन लाकूड ओलं. आज सरळ, उद्या वाकडं. वेणीवाला म्हणतो, हलकं पाहिजे, आणि वर्षानुवर्षं घरातच सुकलेलं पाहिजे. पातळ असलं तरी चालेल, दोन थर एकमेकांना चिकटवता येतात. असं लाकूड हल्ली कुठे मिळणार? असो. जगात सगळंच कुठे मिळतं.

बाकी सगळं छान आहे. हवा चांगली आहे. तुमची बहीण या क्षणी आतल्या खोलीत मान परत जोडलेलं जुनंच वाद्य मांडीवर आडवं ठेवून, खुळखुळ्यासकट, हळूहळू वाजवतेय, आणि तुमचा फोटो मधूनमधून माझ्या लिहिण्याला दुजोरा देतोय. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद, नातीला दाताबद्दल अभिनंदन किंवा धीर, जे लागू असेल ते.

तुमचा मेहुणा

ता. क. : पाठीबद्दल सविस्तर लिहावं. म्हणजे पाठ आता बाबांच्या फळीशिवाय राहू शकेल का, हे. तुमच्या लक्षात आलंच असेल, दादा. ती फळी हलक्या लाकडाची आहे आणि बाबांच्या वेळेपासून घरातच सुकतेय. तिच्याहून चांगलं धड मला सात जन्मांत मिळायचं नाही. सामानाची वाटणी झाली तेव्हा तुमच्या बहिणीने काहीच मागितलं नाही, तुम्हाला आठवत असेल. मागायचं होतं ते एकच होतं. पण तुमची पाठ तेव्हा नुकतीच धरली होती आणि फळी तुमच्या गादीखाली गेली, मग ती गप्प बसली. हे तिने मला कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ती जाड तार छेडून ऐकत राहिली, तेव्हा मला कळलं. मी विचारतोय हेही तिला ठाऊक नाही.

ता. क. दुसरा : मला सबंध फळी नको. माझ्या मापाने वरचा निम्मा भाग पुरतो. कमरेपासून खालची फळी तुमचीच राहील. वरच्या अर्ध्यासाठी चांगल्या जाड प्लायवूडची नवी फळी मी स्वतः करून पाठवतो, कडा घासून, पाणसळ लावून. तुमची खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी तेवढी कळवा. वहिनींना मोजायला सांगा. तुम्ही स्वतः मोजलीत तर वाकाल आणि पाठ पुन्हा धरेल.

ता. क. तिसरा : घोटाळा झाला. मी पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात तुमच्या बहिणीने येऊन पत्र वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, उभ्यानेच. मग म्हणाली, "ते फळीचं खोडून टाका. दादाची पाठ आधी. मी वाजवीन बसून, काय होतंय त्याला." मी बरं म्हटलं आणि पेन उघडलं. ती आत निघाली. दारापर्यंत गेली, थांबली, आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "तिच्या डाव्या कोपऱ्यात शाईचा मोठा डाग आहे. तो पुढच्या बाजूला येईल असं कापता येतं का?"

म्हणून खोडलेलं नाही.

(तो डाग पाडला कोणी आणि त्याबद्दल बाबांचा ओरडा खाल्ला कोणी, हेही मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दादाला विचारा, त्याला आठवत असेल." मी विचारत नाही. मला फक्त फळीशी मतलब आहे.)

ता. क. शेवटचा : आत्ताच आतून जाड तारेचा तिसऱ्या घरातला स्वर वाजला. मी फोटोकडे बघितलं. तुम्ही चांगली तीनदा मान डोलावलीत. आम्ही ते धरून चाललो आहोत, पण तरी तुमच्या हातचं दोन ओळींचं उत्तर असलेलं बरं. कार्यक्रम जवळ आलाय आणि सरस सुकायला वेळ लागतो, तेव्हा दादा, उलट टपाली लिहा.